दादा, ती फाईल उघडू नका

या आठवड्याचं पत्र कोपरखैरण्याहून आलंय. लिहिणारे वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला एका गाळ्यावर मेहताजी, म्हणजे हिशोब लिहिणारे, आहेत, वय ५४. पत्र बरंच मोठं आहे, गरजेपुरतं देते.

"ताई, नमस्कार. तीन महिन्यांपूर्वी मला कुणीतरी एका व्हॉट्सॲप ग्रुपला ॲड केलं, तिथे एक सर रोज क्रिप्टोच्या टिप्स देतात. त्यांच्या लिंकवरून मोबाईलवर ॲप घेतलं, १५ हजार टाकले, आता ४१ हजार दिसतायत. मध्ये दीड हजार काढून बघितले, ते खात्यात आले. आता सर म्हणतात मोबाईलवर लिमिट आहे, कॉम्प्युटरवर डेस्कटॉप व्हर्जन टाका, त्यात ऑटो ट्रेडिंग होतं, आणि निदान २ लाख ठेवा. फाईल पाठवलीय त्यांनी, उतरवून घेतली, पण उघडायला गेलो की निळी पाटी येते, विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी अशी. सर म्हणाले मोर इन्फो दाबून रन एनीवे करा आणि अर्धा तास अँटीव्हायरस बंद ठेवा. याच कॉम्प्युटरवर मी घरी गाळ्याचं टॅलीचं काम करतो. विंडोज १० आहे, रॅम ४ जीबी. मुलगी नको म्हणते पण तिला यातलं काही कळत नाही. ४ जीबीवर चालेल का आणि ती पाटी कशी घालवायची? एफडी पुढच्या आठवड्यात मॅच्युअर होतेय."

दादा, तुम्ही फाईल उतरवलीत पण अजून चालवली नाहीत आणि त्याआधी पत्र लिहिलंत, हे वाचून मी खरंच सुटकेचा श्वास सोडला. ती पाटी घालवायची नाहीये. ती फाईल घालवायची आहे. आणि मुलीला सगळं बरोबर कळलेलं आहे, हे आधी तिला जाऊन सांगा.

आता का ते सांगते. ती निळी पाटी विंडोजच्या स्मार्टस्क्रीनची. इंटरनेटवरून आलेली फाईल उघडताना विंडोज बघतं की ती कुणी बनवली, त्यावर ओळखीच्या कंपनीची डिजिटल सही आहे का, आणि ही फाईल आधी बऱ्याच लोकांनी उतरवलीय का. यातलं काही जुळलं नाही की ते हात आडवा घालतं. मान्य, कधीकधी एखाद्या छोट्या कंपनीच्या चांगल्या सॉफ्टवेअरलाही ही पाटी येते, म्हणून नुसत्या पाटीवरून मी फाईलला चोर म्हटलं नसतं. पण अँटीव्हायरस बंद ठेवा हे जे वाक्य आहे ना, तिथे विषय संपतो. असं समजा, रात्री कुणीतरी अनोळखी माणूस गाळ्यावर आला आणि म्हणाला की वॉचमनला अर्ध्या तासासाठी घरी पाठवा, मग मी माल उतरवतो. तुम्ही पाठवाल? २६ वर्षं एपीएमसीत काढल्याचं तुम्ही पत्रात लिहिलंय, तुम्ही त्याला दारात पण उभं करणार नाही.

अशा फाईलीत काय असतं हे लोकांना नीट माहीत नसतं. सगळ्यांना वाटतं व्हायरस म्हणजे कॉम्प्युटर स्लो होणार, स्क्रीनवर काहीतरी विचित्र येणार. तसं काहीच होत नाही. चार्टबिर्ट असलेली एक छान खिडकी उघडते, आकडे हलतात, आणि मागे गुपचूप तुमच्या ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड उचलले जातात. पासवर्डच नाही, कुकीज पण. कुकी म्हणजे तुम्ही एकदा लॉगिन केलंत की साइट तुमच्या ब्राउझरला जो पास देते तो, म्हणून तर मेल उघडताना दर वेळी पासवर्ड विचारत नाही. तो पास चोराच्या हातात गेला की त्याला बऱ्याच ठिकाणी तुमचा ओटीपी पण लागत नाही, तो थेट तुमच्या मेलमध्ये बसलेला असतो. आणि तुमच्या कॉम्प्युटरवर तर गाळ्याची टॅली आहे. म्हणजे शेठचे हिशोब, पार्ट्यांची नावं, कुणाचं किती येणं बाकी, बँकेचे डिटेल्स. हे नुकसान एकट्या तुमचं होणार नाही दादा, ज्यांनी तुमच्यावर २६ वर्षं विश्वास टाकला त्यांचं होईल, आणि मला पत्र वाचताना सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली.

मग ते ४१ हजार. हे लिहिताना मला वाईट वाटतंय पण गोड बोलून फायदा नाही. ते ४१ हजार नाहीयेत. ज्या ॲपमध्ये ते दिसतात ते ॲप त्याच लोकांचं, त्यातला भाव तेच लिहितात, नफा तेच लिहितात. मालाच्या विक्रीची पट्टी लिहिणारा तोच, वजन करणारा तोच आणि काटा पण त्याचाच, मग पट्टीवर आकडा काहीही येऊ शकतो. दीड हजार परत आले ते तुमच्याच १५ हजारातले, गळाला लावलेलं गांडूळ होतं ते, त्याच्यावरच तर तुम्ही आता २ लाखांचा विचार करायला लागलात. पुढची पायरी पण सांगून ठेवते, म्हणजे आली की ओळखाल: मोठी रक्कम काढायला गेलात की ते म्हणतील आधी टॅक्स भरा, नाहीतर खातं व्हेरिफाय करायचे पैसे भरा, मग पैसे सुटतील. खरा टॅक्स असा कुणा सरांच्या यूपीआयवर भरत नाहीत. तो कसा लागतो ते खाली लिहिलंय.

आता काय करायचं. आधी ग्रुपमधलं चॅट, सरांचे नंबर, ॲपचा स्क्रीन, ज्या यूपीआय आयडीला पैसे पाठवले तो, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. ग्रुप लगेच सोडू नका, आधी पुरावा घ्या, आणि सरांना काही कळवू नका, भांडू तर अजिबात नका. मग १९३० ला फोन लावा, ती सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाईन आहे, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. नवी मुंबई पोलिसांचं सायबर पोलीस ठाणं पण आहे, तिकडे जाता येईल, आणि जवळच्या ठाण्यात गेलात तरी चालतं. पैसे जाऊन तीन महिने झालेत म्हणून ते परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही, अशा तक्रारीत पहिले काही तास फार मोलाचे असतात, पण तक्रार करायचीच, कारण ते खातं गोठलं तर त्याच ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाचे तरी वाचतील. हे झालं की मोबाईलमधलं ते ॲप काढून टाका, प्ले स्टोअरच्या बाहेरून लिंकवरून घेतलेलं ॲप मेसेज वाचू शकतं, म्हणजे तुमचे ओटीपी. काढल्यावर बँकेचा आणि मेलचा पासवर्ड बदला, आणि तो त्या मोबाईलवरून बदलू नका, मुलीच्या मोबाईलवरून बदला. कॉम्प्युटरवरची फाईल डाउनलोड्समध्ये सिलेक्ट करून शिफ्ट धरून डिलीट, म्हणजे ती रिसायकल बिनमध्ये पण राहणार नाही.

आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी अशी फाईल चालवून मोकळं झालं असेल तर, पहिलं नेट तोडा, वायर असेल तर वायर काढा, वायफाय असेल तर राउटरच बंद करा. मग दुसऱ्या, धड असलेल्या फोनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्या पासवर्डची चावी ईमेलमध्ये असते, तिथेच साइन आउट फ्रॉम ऑल डिव्हायसेस करा म्हणजे ते चोरलेले पास रद्द होतात, आणि बँकेला कळवा. त्यानंतर माझं मत विचाराल तर डेटा बाजूला काढून कॉम्प्युटर फॉरमॅटच करा. स्कॅन केला, काही सापडलं नाही, आता क्लीन आहे, यावर मी तरी पैशाचा व्यवहार करणार नाही.

हे झालं तुमच्या सरांचं. पण तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की क्रिप्टो समजून घ्यायची मनापासून इच्छा आहे, मोबाईलवर चार्टची रेघ दिसत नाही, चष्मा लावून पण कळत नाही, म्हणून मोठ्या स्क्रीनवर पाहिजे. ही इच्छा चूक नाही. मी स्वतः थोडं घेते-विकते, आणि मोबाईलपेक्षा कॉम्प्युटरवर बसूनच करते, कारण मोबाईलवर अंगठा फार लवकर दाबला जातो. तर ते नीट कसं करायचं ते सांगते.

पहिली गोष्ट, बऱ्याच एक्स्चेंजचं, म्हणजे क्रिप्टो घ्यायच्या-विकायच्या साइटचं, कॉम्प्युटरवर वेगळं ॲप लागतच नाही, ते ब्राउझरमध्ये चालतं. डेस्कटॉपवर आयकॉन पाहिजेच असेल तर एक्स्चेंजची साइट एज ब्राउझरमध्ये उघडायची, वर उजवीकडे तीन टिंबं, त्यात ॲप्स (ते मोर टूल्सच्या आतही असू शकतं), त्यात इन्स्टॉल धिस साइट ॲज ॲन ॲप. क्रोममध्ये पण तीन टिंबांतच, कास्ट सेव्ह अँड शेअरच्या आत इन्स्टॉल पेज ॲज ॲप असतं. झालं, आयकॉन आला, वेगळी खिडकी आली, आणि बाहेरची कुठलीही फाईल कॉम्प्युटरवर चालवावी लागली नाही. ब्राउझरची जी कुंपणं असतात त्याच्या आतच ते राहतं. माझ्याकडे असंच आहे आणि तुम्हालाही मी हेच सुचवीन, ४ जीबी रॅमवर हे चालतं, फक्त त्या वेळी टॅली आणि यूट्यूब बंद ठेवा.

पण साइट उघडायची कशी, इथेच निम्मे लोक फसतात. सर्चमध्ये नाव टाकलं की सगळ्यात वर जी जाहिरात येते ती खोट्या साइटची असू शकते, अगदी हुबेहूब, एखादं अक्षर इकडचं तिकडे. म्हणून पत्ता स्वतः टाईप करायचा, अक्षर न् अक्षर तपासायचा, आणि एकदा बरोबर उघडली की बुकमार्क करून ठेवायची आणि पुढे कायम बुकमार्कवरूनच जायचं. मेलमधल्या लिंकवरून नाही, ग्रुपमधल्या लिंकवरून तर नाहीच नाही.

एखाद्या कंपनीचं खरंच डेस्कटॉप ॲप असेल आणि तेच वापरायचं असेल तर फाईल फक्त त्यांच्या साइटवरून घ्या, आणि उघडायच्या आधी तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे डिजिटल सिग्नेचर्स नावाचा टॅब दिसतो. त्यात सही करणाऱ्याचं नाव त्या कंपनीचंच आहे का बघा. टॅबच नसेल म्हणजे सही नाही, मग उघडायचं नाही. तुमच्या त्या फाईलीवर हे करून बघायचा मोह होईल, नका करू, डिलीटच करा.

कुठलं एक्स्चेंज घ्यायचं हे मी नाव घेऊन सांगत नाही, पण निवडायचं कसं ते सांगते. मार्च २०२३ पासून क्रिप्टोचे व्यवहार करून देणाऱ्या कंपन्या मनी लॉन्डरिंगच्या कायद्याखाली आल्यात, त्यांना एफआययू-इंडियाकडे, म्हणजे फायनान्शिअल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये नोंदणी नसलेल्या परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या आणि त्यांच्या साइट्स इथे बंद करायची कारवाई झाली, बायनान्ससारखं मोठं नाव पण त्यात होतं, नंतर बायनान्सने नोंदणी केली. तर नोंदणी आहे का हे आधी बघायचं. खरं एक्स्चेंज तुमचं पॅन, आधार, सेल्फी मागतं, बँक खातं तुमच्याच नावाचं लागतं. तुमच्या सरांनी पॅन मागितलं होतं का? नाही ना. आणि दर वेळी पैसे वेगळ्याच माणसाच्या यूपीआयला जायचे असं तुम्हीच लिहिलंय.

नोंदणी म्हणजे गॅरंटी नव्हे हेही डोक्यात ठेवा. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्सवर हॅक झाला, सुमारे २३ कोटी डॉलर गेले, आणि सामान्य ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकून पडले. ज्यांनी सगळं नीट केलं होतं, केवायसी, टॅक्स, पासवर्ड, त्यांचेसुद्धा. बँक बुडाली तर ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, इथे तसलं काही नाही, सेबीकडे दाद मागता येत नाही, रिझर्व्ह बँकेकडे पण नाही. बँकांनी क्रिप्टोच्या व्यवहारांना सेवा देऊ नये असं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये रद्द केलं, आणि खरेदी-विक्री गुन्हा नाही, एवढंच. म्हणून एफडीचे २ लाख यात नकोत. तुम्ही लिहिलंय ती मुलीच्या पुढच्या शिक्षणाची एफडी आहे. यात टाकायची रक्कम अशी पाहिजे की सगळी गेली तरी घरात कुणाला काही कमी पडणार नाही. तुमच्यासाठी मी म्हणीन सहा महिने २-३ हजारांच्या वर जाऊच नका, शिकायला तेवढे पुष्कळ झाले.

कॉम्प्युटरबद्दल अजून थोडं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणजे नवीन सापडलेली भोकं बुजवणारे अपडेट आपोआप येत नाहीत. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव अपडेटची सोय ठेवलीय, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटला जाऊन नाव नोंदवता येतं, ते करा. आणि तुमचा कॉम्प्युटर विंडोज ११ घेतो का ते तपासून घ्या. दुसरं म्हणजे यासाठी विंडोजमध्ये एक वेगळा युजर करा, सेटिंग्ज, अकाउंट्स, फॅमिली अँड अदर युजर्स, आणि त्याला ॲडमिनिस्ट्रेटर न ठेवता स्टँडर्ड ठेवा. टॅलीचं काम एका युजरमध्ये, हे दुसऱ्यात. त्या दुसऱ्यात फक्त एक ब्राउझर आणि ती एक साइट, पासवर्ड सेव्ह नाही, एक्स्टेन्शन एकही नाही. हा पूर्ण बंदोबस्त नाही, पण एका खोलीतला पसारा दुसऱ्या खोलीत जात नाही. उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबून लॉक करायचं.

टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणारं कुलूप, लावायचंच, आणि एसएमएसवरचं नाही, ऑथेंटिकेटर ॲपचं. त्यात दर ३० सेकंदांनी सहा आकडी कोड बदलतो. ते लावताना बॅकअप कोड दाखवतात, ते कागदावर लिहून कपाटात ठेवा, कॉम्प्युटरमध्ये फोटो काढून नको. कधी कोड चुकीचा म्हणून यायला लागला तर घाबरू नका, बहुतेक वेळा फोनचं घड्याळ पुढेमागे झालेलं असतं, वेळ ऑटोमॅटिकवर ठेवली की चालू होतं. माझ्याकडे निदान दहा जण तरी या एका गोष्टीसाठी फोन करतात.

आता एक घडलेलं सांगते, कारण हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. माझा धाकटा भाऊ घणसोलीला राहतो. त्याने एका एक्स्चेंजवरून स्वतःच्याच दुसऱ्या वॉलेटला, म्हणजे क्रिप्टो ठेवायच्या खात्याला, ९ हजारांचे यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो) पाठवले, आणि ते आलेच नाहीत. मला म्हणाला, ताई मी पत्ता कॉपी-पेस्टच केला होता, हाताने टाईप सुद्धा नाही केला. मी नौपाड्याहून रिक्षाने ठाणे स्टेशन आणि तिथून ट्रान्स-हार्बरने घणसोली, रात्री नऊला त्याच्या कॉम्प्युटरसमोर बसले. नोटपॅड उघडलं. वॉलेटचा पत्ता कॉपी केला, नोटपॅडमध्ये पेस्ट केला. सुरुवात टीने, बरोबर, पुढची दोन अक्षरं पण तीच. शेवट बघितला तर वेगळाच. परत केलं, परत तेच. आम्ही दोघं त्या दोन ओळींकडे बघत बसलो, एक त्याचा पत्ता आणि एक कुणाचा तरी, आणि मध्ये फक्त कंट्रोल सी आणि कंट्रोल व्ही. त्याने दोन आठवड्यांपूर्वी व्हिडिओ एडिटिंगचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं होतं, तेही अँटीव्हायरस बंद करून, आणि त्यातून आलेला व्हायरस कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलत होता. ते पैसे परत आले नाहीत, ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टोच्या सामायिक वहीत, एकदा गेलेला व्यवहार कुणी मागे घेऊ शकत नाही, बँकेत जाऊन थांबवा म्हणायची सोय नाही. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे, पत्त्याची पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं मोठ्याने वाचायची, आणि आधी अगदी थोडी रक्कम पाठवून ती पोचली की मगच बाकीची. नेटवर्क, म्हणजे क्रिप्टो ज्या रस्त्याने जातं तो, पण दोन्हीकडे तेच निवडायचं, एकीकडे टीआरसी-२० आणि दुसरीकडे ईआरसी-२० असे वेगळे रस्ते निवडलेत तरी पैसे अडकू शकतात. तुम्हाला सध्या कुठे पाठवायचं काही कारण नाही, घ्यायचं, ठेवायचं, विकायचं, तेवढंच करा.

वापरायला बसलात की स्क्रीनवर सगळ्यात आधी ऑर्डर बुक बघायला शिका, चार्ट नंतर. तुम्हाला हे कुणी शिकवायची गरजच नाही खरं तर. फळ मार्केटात पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, इथे तो सगळ्यांसमोर उघडा मांडलेला असतो: एका बाजूला घेणारे कुठल्या भावाला किती घ्यायला तयार आहेत, दुसऱ्या बाजूला विकणारे. मधली जी फट असते तो स्प्रेड. मार्केट ऑर्डर म्हणजे भाव न विचारता द्या म्हणणं. समजा ५० गोणी पाहिजेत, २० रुपये किलोच्या फक्त १० गोणी आहेत, पुढच्या १५ एकवीसच्या आणि बाकीच्या साडेबावीसच्या, तर मार्केट ऑर्डर सगळ्या उचलते आणि तुम्ही म्हणता २० चा भाव दिसत होता मग महाग कसं पडलं. बिटकॉइनसारख्या मोठ्या कॉइनला फट छोटी असते, पण कुणी ग्रुपमध्ये सांगितलेल्या अनोळखी कॉइनला ती एवढी मोठी असते की घेतल्या क्षणीच तोटा होतो. म्हणून लिमिट ऑर्डर टाका, म्हणजे याच भावाला मिळालं तर घ्या नाहीतर राहू दे. ती एक्स्चेंजच्या सर्व्हरवर जाऊन बसते, त्यामुळे महावितरणची लाईट गेली, कॉम्प्युटर बंद पडला तरी ऑर्डर तिथेच राहते, धावपळ करायची नाही. आणि बिटकॉइन अख्खा घ्यावा लागतो असं तुम्हाला सांगितलंय ते चूक आहे, त्याचे दहा कोटी भाग होतात, शंभर-दोनशे रुपयांचाही घेता येतो.

फ्युचर्स नावाचा जो टॅब असतो तिकडे जाऊ नका. उसन्या जोरावर दहापट, वीसपट सौदा करायचा आणि भाव थोडा उलटा गेला की पूर्ण रक्कम साफ, रात्री तीन वाजता सुद्धा, कारण हा बाजार बंदच होत नाही, ना रविवारी ना दिवाळीत. तुम्हाला पहाटे मार्केटला जायचं असतं. झोप घालवून चार्ट बघणारी माणसं मी जवळून बघितलीत आणि त्यात पैशापेक्षा तब्येत आधी जाते.

टॅक्सचं सांगते म्हटलं होतं. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ ३० टक्के, वर ४ टक्के सेस. १ जुलै २०२२ पासून विकताना १ टक्का टीडीएस, तो एक्स्चेंजच कापतं. समजा १० हजारांना घेतलं, १३ हजारांना विकलं. नफा ३ हजार, त्यावर ९०० आणि सेस ३६, म्हणजे ९३६. टीडीएस मात्र नफ्यावर नाही, विक्रीच्या पूर्ण रकमेवर, १३ हजारांवर १३० रुपये, आणि ते रिटर्न भरताना या ९३६ मधून वजा होतात. आता खरी मेख अशी की दुसऱ्या एखाद्या कॉइनमध्ये तुम्हाला ३ हजारांचा तोटा झाला, हातात शून्य आलं, तरी ते ९३६ भरायचेच, एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षी पण नेता येत नाही. गाळ्याच्या हिशोबाची सवय असलेल्या माणसाला हे पटायला जड जातं, मला पण गेलं होतं. रिटर्नमध्ये शेड्यूल व्हीडीए, म्हणजे क्रिप्टोच्या व्यवहारांचा तक्ता, भरावं लागतं, त्यासाठी तुमचा नेहमीचा आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-२ लागेल, सीएला आधी सांगून ठेवा. बाकीचा टॅक्स आयकर खात्याच्या पोर्टलवर तुम्ही तुमच्या पॅनवर भरायचा असतो. मध्ये कुठलेही सर येत नाहीत.

अजून एक, कधी एखाद्याने म्हटलं मी तुमच्या कॉम्प्युटरवर एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) लावून सेट करून देतो, तर नाही म्हणा, तो कितीही गोड बोलत असला तरी. अडलात तर मुलीला शेजारी बसवा, तिने जे एका वाक्यात ओळखलं ते तुम्हाला तीन महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं.

आज गाळ्यावरून आलात की चहा घ्या आणि १९३० चा फोन आधी लावा, बँकेच्या ॲपमधून त्या सगळ्या यूपीआय ट्रान्सफरचे यूटीआर नंबर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक, कागदावर उतरवून हाताशी ठेवा, ते विचारतातच. आणि एफडी रिन्यू करायला मॅच्युरिटीच्या आधीच बँकेत जाऊन या, नाहीतर २ लाख सेव्हिंगला येऊन पडतील आणि सरांचा फोन त्याच दिवशी येईल.